स्क्विडचा पोर्ट बदलून भागेल का?

स्क्विडमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या सगळ्यांचं नेट ज्याच्यातून जातं त्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये, त्रुटी निघाल्याचं वाचून तुम्ही पोर्ट बदलायचं विचारलंय. बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी एक काम करा. प्रश्नाखाली तुम्ही एरर पेजचा जो सोर्स चिकटवलाय, तो काढून टाका. त्याच्या तळाशी 'मेलटू'ने सुरू होणारी एक लांबलचक लिंक आहे, टक्क्याच्या खुणांनी भरलेली. तिच्यात मध्येच 'प्रॉक्सी-ऑथोरायझेशन' हा शब्द येतो, त्यापुढे 'बेसिक', आणि त्यापुढे अक्षरांचं एक कडबोळं, ज्याचा शेवट टक्का-तीन-डी असा होतो. लिंकमध्ये बरोबरचं चिन्ह असं लिहिलं जातं. 'बेसिक'च्या पुढचं हे कडबोळं बेस-६४ असतं, आणि बेस-६४ हे कुलूप नाही, नुसती पुडी आहे. मी ती सोडलेली नाही, पण कोणालाही सोडायला दहा सेकंद पुरतात. आत तुमचं युजरनेम आणि पासवर्ड आहे.

तुम्ही ज्या त्रुटीबद्दल विचारताय, ती हीच.

प्रश्न मला कळला तो असा. हिंगणा रोडवरचं इंजिनीअरिंग कॉलेज, साडेतीनशेच्या आसपास कॉम्प्युटर, उबुंटू २२.०४ वर स्क्विड ५ च्या घरातली आवृत्ती. मुलं रोल नंबर आणि पासवर्ड टाकून नेट वापरतात. 'स्क्विडमध्ये १० पैकी १० तीव्रतेची त्रुटी' असं कुठेतरी वाचल्यावर प्राचार्य म्हणताहेत आजच बंद करा, एका विक्रेत्याने नव्या फायरवॉलचं कोटेशन पाठवलंय, आणि तुम्ही विचारताय की ३१२८ ऐवजी दुसरा पोर्ट, म्हणजे स्क्विडच्या दाराचा दुसरा क्रमांक, ठेवला तर चालेल का.

पोर्ट बदलून काहीही होणार नाही. ज्याच्या ब्राउझरमध्ये तुमच्या प्रॉक्सीचा पत्ता भरलेला आहे, त्याला नवा पोर्टही तुम्हीच सांगणार. पण तुमच्या प्रश्नामागची काळजी खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी लागलीय. मी नागपुरात सतरा वर्षं हेच करतोय. कॉलेजं, कोचिंग क्लासेस, बुटीबोरीकडची दोन-तीन ऑफिसं. 'प्रॉक्सीत त्रुटी निघाली' असा फोन आला की मी दोनच गोष्टी विचारतो: या मशीनशी बोलू कोण कोण शकतं, आणि या मशीनला माहीत काय काय आहे? तीव्रतेचा आकडा त्यानंतर. १० पैकी १० हा आकडा वाईटात वाईट मांडणी धरून दिलेला असतो. तुमची मांडणी तेवढी वाईट आहे का, ते तुम्हालाच बघावं लागतं.

आता ही त्रुटी नेमकी काय ते बघू. जाहीर झालेल्या प्रत्येक त्रुटीला सीव्हीई नावाचा नंबर मिळतो. हिचा सीव्हीई-२०२५-६२१६८, ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली, स्क्विडची अधिकृत दुरुस्ती ७.२ मध्ये आली. साइट उघडली नाही की स्क्विड स्वतःचं एरर पेज दाखवतो. पेजच्या शेवटी 'युअर कॅश ॲडमिनिस्ट्रेटर इज वेबमास्टर' अशी ओळ असते आणि वेबमास्टर या शब्दावर लिंक असते. वापरणाऱ्याने तिच्यावर क्लिक करावं, मेल उघडावा, आणि ॲडमिनला तपासायला सोपं जावं म्हणून त्या मेलच्या मजकुरात सगळं आधीच भरलेलं असावं, असा जुन्या काळचा सद्हेतू. सगळं म्हणजे कॅशचं (प्रॉक्सी सर्व्हरचं) नाव, वेळ, तुमचा आयपी, आणि ब्राउझरने पाठवलेली विनंती, तिच्या सगळ्या हेडर्ससकट, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींसकट. एरर पेजवर दिसणाऱ्या विनंतीतून पासवर्ड गाळायची व्यवस्था स्क्विडमध्ये आधीपासून होती. या लिंकच्या पोटातला मात्र राहून गेला. समोरचं दार लावलं आणि मोरीचं उघडं राहिलं, तशातली गोष्ट.

तुम्ही म्हणाल, माझं एरर पेज मलाच दिसतंय, माझा पासवर्ड मलाच माहीत, मग बिघडलं काय? बिघडतं ते असं. विद्यार्थी एखादी साधी एचटीटीपी साइट उघडतो. त्या पानातली स्क्रिप्ट त्याच साइटला अशी एक विनंती पाठवते की स्क्विडने एरर पेज द्यावं. ब्राउझरला ते पेज स्क्विडचं आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी उत्तर त्या साइटचंच. म्हणून स्क्रिप्टला ते वाचायची मुभा मिळते. ती लिंक वाचते, कडबोळं उचलते, आपल्या मालकाकडे पाठवते. विद्यार्थ्याने काही डाउनलोड केलं नाही, कुठे पासवर्ड टाकला नाही. स्क्रिप्टला एरवी ज्या कुकीज वाचता येत नाहीत, त्याही त्याच हेडर्समध्ये असतात. म्हणून प्रॉक्सीवर लॉगिनच ठेवलेलं नाही त्यांनीही निर्धास्त राहू नये.

इथून पुढचं तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे. एचटीटीपीएस साइटला ब्राउझर प्रॉक्सीकडून फक्त बोगदा मागतो आणि आतलं सगळं बंद राहतं. बोगदा मिळाला नाही तर ब्राउझर स्वतःचाच एरर दाखवतो, स्क्विडचं पेज पानातल्या स्क्रिप्टपर्यंत पोचत नाही. म्हणजे हल्ल्याची वाट बऱ्यापैकी अरुंद होते. पण तुम्ही प्रत्येक मशीनवर कॉलेजचं सर्टिफिकेट टाकून एसएसएल बंप, म्हणजे बोगदा मध्येच उघडून आत बघायची सोय, चालू केला असेल, तर ती वाट तुम्ही स्वतःच रुंद केलीय. आणि तोच स्क्विड उलट्या बाजूने, म्हणजे कॉलेजच्या ईआरपीच्या (मार्क वगैरे कारभार चालतो त्या सिस्टीमच्या) पुढे, बाहेरच्यांसाठी लावलेला असेल तर प्रकरण आणखी वेगळं. तिथे बाहेरच्या माणसाला आतल्या सिस्टीमची टोकन, म्हणजे प्रवेशाच्या गुप्त चिठ्ठ्या, कळू शकतात. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण खात्री करा.

आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखं काम एका ओळीचं आहे. स्क्विडच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ईमेल_ई-आर-आर_डेटा ऑफ' ही ओळ टाका. मी देवनागरीत लिहितोय म्हणून नीट सांगतो: तिन्ही शब्द अंडरस्कोरने जोडलेले, मधला शब्द पूर्ण 'एरर' नाही, ई-आर-आर ही तीनच अक्षरं, आणि फाइलमध्ये अर्थात इंग्रजीत. मग लगेच रीस्टार्ट करू नका. आधी 'स्क्विड -के पार्स' चालवा, चूक असेल तर तिथेच ओरडेल. ते गुपचूप पार पडलं की 'स्क्विड -के रीकॉन्फिगर'. साडेतीनशे कॉम्प्युटरांपैकी कोणाला कळणारही नाही. त्यानंतर अस्तित्वात नसलेल्या एखाद्या नावाची साइट एचटीटीपीने उघडा, सोर्स बघा. लिंकमध्ये आता फक्त मेलचा पत्ता उरलेला असेल. आधीचा आणि नंतरचा सोर्स शेजारी ठेवून प्राचार्यांना दाखवा. मीटिंगमध्ये याहून चांगला युक्तिवाद नाही.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट उरकून टाका, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. सीव्हीई-२०२५-५४५७४. यूआरएन नावाचा पत्त्यांचा एक प्रकार आहे, जो तुमच्या कॉलेजात आजवर कोणी टाइप केला नसेल. त्याचं उत्तर हाताळताना स्क्विडची मेमरी ओसंडते. ६.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत आहे, ६.४ मध्ये दुरुस्त झाली. खोडसाळ सर्व्हरकडून आलेल्या उत्तराने स्क्विडच्या मेमरीचा चार केबीपर्यंतचा तुकडा बाहेर पडू शकतो, आणि त्या तुकड्यात कोणाचाही पासवर्ड असू शकतो. खरं सांगायचं तर ५ च्या आवृत्तीवर बसलेल्या माणसाने मला या दोघींतली कोणती आधी घ्यायची असं विचारलं, तर मी म्हणेन दोन्ही एकाच हाताने. उपाय दोन ओळींचा: 'एसीएल यूआरएन प्रोटो यूआरएन', आणि परवानगीच्या सगळ्या ओळींच्या वर 'एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय यूआरएन'.

आता आवृत्तीच्या आकड्याचा घोळ. तुम्ही 'स्क्विड -व्ही' चालवलं, ५ पॉइंट काहीतरी दिसलं, ते ७.२ पेक्षा लहान, म्हणून घाबरलात. विक्रेत्याने कोटेशनला हाच स्क्रीनशॉट जोडलाय असं तुम्हीच लिहिलंय. उबुंटू, डेबियन, रेड हॅट ही लिनक्स बनवणारी मंडळी आवृत्ती न वाढवता दुरुस्ती मागे आणून जुन्यातच बसवतात. तेव्हा पुढचा आकडा तोच राहतो, बदलतो तो शेपटीचा, ज्यात उबुंटू हा शब्द असतो. 'एपीटी अपडेट' करून स्क्विडचं पॅकेज अद्ययावत करा, मग 'एपीटी चेंजलॉग स्क्विड' चालवा (चेंजलॉग म्हणजे पॅकेजमधल्या बदलांची नोंद) आणि वर दिलेले दोन्ही सीव्हीई नंबर त्यात शोधा. सापडले की दुरुस्ती तुमच्या मशीनवर आहे, पुढचा आकडा काहीही म्हणो. रेड हॅटच्या घराण्यात हेच 'आरपीएम -क्यू'ला 'चेंजलॉग' जोडून दिसतं.

२२.०४ ला २०२७ पर्यंत अशा दुरुस्त्या येत राहतील, म्हणून तुमची बाजू ठीक आहे. पण तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन कोणी इथे पोचलं आणि त्यांचा स्क्विड सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर असेल, तर तिथला पाठिंबा ३० जून २०२४ ला संपलाय. तिथे चेंजलॉग शोधत बसू नका, मशीन बदला. पीएफसेन्स या फायरवॉलमधला स्क्विड वापरणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की ती बनवणाऱ्या नेटगेट कंपनीने ते पॅकेज मोडीत काढलंय आणि काढून टाकायलाच सांगितलंय. त्यामागे कारण आहे. जोशुआ रॉजर्स या संशोधकाने २०२१ मध्ये स्क्विडचा कोड खणून ५५ त्रुटी काढल्या. त्याने त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केल्या तेव्हाही त्यातल्या ३५ दुरुस्त व्हायच्या होत्या. आळस म्हणून नाही. १९९६ पासून चालत आलेलं हे अवाढव्य सॉफ्टवेअर मोजकी माणसं सवडीने सांभाळतात, आणि वापरतं सारं जग.

आता माझा पहिला प्रश्न: मशीनशी बोलू कोण शकतं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ सीव्हीईत नव्हतं, इथे होतं. स्क्विडमधल्या 'एचटीटीपी_ॲक्सेस'च्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली लागू पडते तिथे निकाल लागतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मला नेट मंद आहे म्हणून बोलावलं. एप्रिलमधली दुपार, सर्व्हर जिन्याखाली, समोर खसाच्या ताट्यांचा कूलर लावलेला, सर्व्हरच्या पत्र्यावर दमट वास. फाइल उघडली तर सगळ्यात वर एकटीच ओळ: 'अलाव ऑल'. त्याखाली व्यवस्थित लिहिलेले चाळीस नियम, कोणते विभाग, कोणत्या वेळा, कोणत्या साइट्स. त्यातला एकही कधी वाचला जात नव्हता. कोणी टाकली ती ओळ, म्हणून विचारलं. लॅब असिस्टंट म्हणाला, "सर, ऑनलाइन पेपर चालू होता अन् लॅब तीनमधी नेट चालूनच नाही राहिलं होतं. तेव्हा टाकली होती, पेपरापुरती." पेपर होऊन दोन वर्षं झाली होती.

तेवढ्यावर भागलं असतं. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्टाफला घरून जर्नल्स बघता यावीत म्हणून राउटरवर ३१२८ बाहेरून आत उघडलेला होता, तोही तसाच. दोन सोयी, दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या दिवशी केलेल्या, आणि मिळून झाला जगासाठी उघडा प्रॉक्सी. ॲक्सेस लॉगमधल्या दहा ओळींतल्या नऊ परदेशी पत्त्यांच्या होत्या. नेट मंद का, त्याचं उत्तर मिळालं. उद्या त्या पत्त्यांपैकी कोणी काही उद्योग केला असता तर पोलिसांचं पत्र संस्थेच्या आयपीवर आलं असतं. म्हणून तुम्हीही फोन वायफायवरून काढा, मोबाइल डेटावर घ्या, आणि कॉलेजचा स्टॅटिक आयपी व ३१२८ हा प्रॉक्सी म्हणून भरून बघा. काही उघडलं तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी ते बंद करा. स्क्विडच्या मूळ फाइलमध्ये 'लोकलनेट'मध्ये १०, १७२.१६ आणि १९२.१६८ चे खाजगी पट्टे दिलेले असतात. त्यातला तुमचा एक ठेवा, बाकीचे काढा, आणि शेवटची ओळ 'डिनाय ऑल'च असू द्या.

दुसरा प्रश्न, मशीनला माहीत काय आहे. तुमच्याकडे याचं उत्तर जड आहे. तुम्ही लिहिलंय की प्रॉक्सीचं लॉगिन एलडॅपवरून, म्हणजे सगळ्या खात्यांच्या एका सामायिक यादीवरून, चालतं, म्हणजे तोच पासवर्ड ईआरपीला, वायफायला, बहुधा कॉलेजच्या मेललाही. मग गळलेला पासवर्ड नुसता नेट वापरायचा नाही. प्राध्यापकाचा असेल तर तो इंटर्नल मार्क भरायचा पासवर्ड आहे. ही ओळ प्राचार्यांना सांगा. १० पैकी १० पेक्षा त्यांना हे लवकर कळेल.

आणि दुरुस्तीनंतरही एक दुखणं उरतं. बेसिक पद्धतीत तीच पुडी ब्राउझरपासून प्रॉक्सीपर्यंत प्रत्येक विनंतीसोबत उघड्यावर जाते. हॉस्टेलच्या वायफायवर पॅकेट पकडायला शिकलेला तिसऱ्या वर्षाचा मुलगा पुरे. डाइजेस्ट पद्धत, जिच्यात पासवर्ड जसाच्या तसा जात नाही, त्यापेक्षा बरी, असं मी स्वतः लोकांना सांगत असे. एका ऑफिसला मागे लागून डाइजेस्टवर नेलं, आणि २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४६८४७ आली: डाइजेस्टच्याच कोडमध्ये बफर ओसंडून बाहेरून स्क्विड पाडता येत होता. ३.२ पासून ६.३ पर्यंत सगळे त्यात. तिथल्या साहेबांनी मला अजून माफ केलेलं नाही. तुमच्याकडे विंडोज डोमेन असेल तर कर्बेरॉसवर जा, त्यात पासवर्डऐवजी तिकीट जातं. नसेल तर निदान प्रॉक्सीचा पासवर्ड ईआरपीच्या पासवर्डपासून वेगळा करा.

पासवर्ड सगळ्यांचे बदलायचे का? लॉगवरून काही कळणार नाही. ४०० आणि ५०३ च्या, म्हणजे एररच्या, ओळी रोज शेकड्याने असतात, त्यातली कोणती खोडसाळ हे सांगता येत नाही. मी असतो तर ॲडमिन खाती आजच, प्राध्यापक आणि ऑफिस या आठवड्यात, मुलांचे पुढच्या सेमिस्टरच्या रजिस्ट्रेशनला. साडेतीनशे मशीनवर परीक्षेच्या तोंडावर पासवर्ड बदलायला लावलात तर एकच होईल: कोणीतरी वर 'अलाव ऑल' टाकेल.

राहिली फायरवॉल. कोटेशनमधल्या त्या डब्यातही प्रॉक्सीच आहे, आणि त्यालाही सीव्हीई निघतात; फरक इतकाच की दुरुस्तीसाठी दरवर्षी लायसन्स भरावं लागतं. ते वाईट आहे असं नाही. तुमच्याकडे सांभाळायला माणूस नसेल तर ते पैसे माणसाच्या जागीच जातात. पण आधी विचारा, आपल्याला प्रॉक्सी हवा कशाला? मी सुरुवात केली तेव्हा पाचशेबारा केबीची लाइन असायची आणि स्क्विडची कॅश म्हणजे जीव की प्राण. आज बहुतेक सगळं एचटीटीपीएस, कॅशमध्ये पडत काहीच नाही. उरतं काय, तर साइट बंद करणं आणि कोण कुठे गेलं याची नोंद. नुसत्या साइट बंद करायच्या तर डीएनएस फिल्टर, म्हणजे नको त्या साइटचा पत्ताच न सांगणारी सोय, पुरतो आणि त्याला कोणाचा पासवर्ड माहीत नसतो. नोंदीचं मात्र बघावं लागेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. ते तुमच्या संस्थेला कसे लागू होतात हे व्यवस्थापनाच्या वकिलांना विचारा आणि तोवर जुने लॉग पुसू नका.

पॅकेज अपडेट करताना शेवटची दोन पथ्यं. कॉन्फिग फाइलची तारीख घालून एक प्रत काढा, आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा, त्याच मशीनवर नको. पाच-सहा उन्हाळे काढलेली हार्ड डिस्क रीस्टार्टलाच जाते. आणि दुपारी करू नका. रात्री नऊनंतर, हॉस्टेलच्या रेक्टरना सांगून. जमलं तर त्या रात्रीपुरती पॅक फाइलमध्ये (कोणता प्रॉक्सी वापरायचा हे ब्राउझरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) प्रॉक्सीनंतर 'डायरेक्ट' हा पर्याय ठेवा, सकाळी काढा, काढल्याचं कागदावर लिहून ठेवा.

अडलात तर चेंजलॉगच्या वरच्या पंधरा-वीस ओळी आणि 'एचटीटीपी_ॲक्सेस'च्या सगळ्या ओळी, आहेत त्याच क्रमाने, इथे टाका. पब्लिक आयपी झाकून. एरर पेज टाकू नका.